आम्ही काळे गोरे

माझी आई माहेरची काळे आणि सासरची गोरे. मिरजेत लग्न झालं तेव्हा मांडवात यावरून जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले होते, आणि पुढची दहा वर्षं तेच शिळे करून वाढले जात होते. त्यातून बाबांचा रंग आईपेक्षा चांगला दोन छटा गडद, त्यामुळे हशा जरा जास्तच व्हायचा. इंग्लंडला येताना आईला वाटलं, चला, बाकी सगळं सुटलं तसं हेही सुटलं. पण आम्ही पश्चिम लंडनमधल्या त्या घरात राहायला आलो त्याच दुपारी शेजारच्या पंजाबी बाईंनी कुंपणावरून डोकावून नाव विचारलं, आणि आई "गोरे" म्हणाली तशी त्या हातातला ओला टॉवेल तोंडावर धरून हसायलाच लागल्या. पंजाबीतही गोरे म्हणजे गोरेच. "गोरे? आप लोग? अरी बल्ली, आके देख, काले गोरे आये हैं!" बल्ली म्हणजे त्यांची थोरली मुलगी, माझ्याच वयाची. ती आली, आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि परत आत गेली. आईनं कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून साऱ्या गल्लीत आम्ही काले गोरे झालो.

उपनगराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी तेव्हा तिथं कुठल्या मुलानं कुठल्या शाळेत जायचं याच्या याद्या केल्या त्यांची नातवंडं आज तिथंच संसार करत असतील, आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. विमानांच्या वाटेखालची वस्ती, एवढं पुरे. विमान डोक्यावर आलं की घरातलं बोलणं थांबायचं. वाक्य जिथं असेल तिथं ठेवायचं, वर बघायचं, आवाज गेला की तिथूनच उचलायचं. आईबाबांची भांडणंसुद्धा अशीच व्हायची. "तुम्हाला मी हजारदा सांगितलंय की" म्हणून आई थांबायची, उलथनं हवेत, आणि विमान गेल्यावर "ओले मोजे हीटरवर वाळत घालू नका" असं पुरं करायची. बाबा विमानतळावर मालाच्या शेडमध्ये कारकून होते. हे कुठलं विमान ते वर न बघता सांगायचे, आणि भांडणाच्या मध्येच सांगायचे, त्याचा आईला भारी राग यायचा. घरभर रॉकेलच्या हीटरचा वास, भिंतींना ओल, आणि स्वयंपाकघर ही एकच खोली माणसांनी बसण्यासारखी. इथं रुबार्ब नावाचे लालसर आंबट देठ मिळतात आणि ते आमटीत कोकमाचं काम करतात, हा शोध आईनं पहिल्याच उन्हाळ्यात लावला. चैत्रात कैरीऐवजी स्वयंपाकाचं आंबट सफरचंद किसून ती वाटली डाळ करायची. बाबा "बरी झालीय" म्हणायचे, आणि बरी म्हणजे मिरजेपेक्षा कमी, हे तिला बरोबर कळायचं. मी आठ वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण मंदा तीन. ती सफरचंदाचे तुकडे आधी वेचून खायची आणि डाळ माझ्या ताटात ढकलायची.

शाळेचा फॉर्म बाबांनी भरला. बाबांचं इंग्रजी कचेरीतलं, अक्षर छापल्यासारखं आणि सवय सरकारी, म्हणजे नाव लिहायचं तर आद्याक्षरं आणि आडनाव. मिस एस. व्ही. गोरे. इंग्रजी अक्षरांत काढलं की अगदी हेच आडनाव या देशातल्या लोकांचंही असतं, फक्त ते त्याचा उच्चार "गोर" असा करतात, हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं. आठवड्याभरात कौन्सिलचं पत्र आलं. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या शाळेत जागा आहे, सोमवारी यावं. बाबा म्हणाले, "बघ, याला म्हणतात कारभार." सोमवारी मी नवा कोट घालून, बाबांचं बोट धरून त्या शाळेच्या हेडमिस्ट्रेससमोर उभी राहिले. मिस हॅलम त्यांचं नाव. उंच, हाडकुळ्या, कार्डिगनच्या बाहीत रुमाल खोचलेला. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "तुमची काहीतरी चूक होतेय. मी आज एका मिस गोरची वाट बघतेय." बाबांनी पत्र पुढे केलं. त्यांनी पत्र बघितलं, मग मला, मग परत पत्र. टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं आणि त्यात माझं नाव आधीच लिहून झालेलं होतं. "शाईनं लिहिलंय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. "लेट्स लीव्ह इट अ‍ॅज इट इज, शॅल वी?" बाबांना यातलं कितपत कळलं कुणास ठाऊक, पण ते "व्हेरी काइंड ऑफ यू, मॅडम" म्हणाले आणि शिफ्टला निघून गेले.

मिस हॅलमनी माझ्यावर केवढे उपकार केले ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. शाळेच्या कुंपणाला, लोखंडी गजांना टेकून, आमच्या गल्लीतली वीसएक मुलं डबे घेऊन उभी होती. बहुतेक पंजाबी, दोन गुजराती, आणि त्यांत बल्ली. मला वाटलं, ही पण आमच्याच शाळेत. मी तिचा हात धरून फाटकाकडे ओढलं, तर तिनं हात सोडवून घेतला. तेवढ्यात एक मोठी कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, आली, सगळी मुलं तिच्यात चढली आणि कोच त्यांना घेऊन पाऊण तासावरच्या, गोऱ्या वस्तीतल्या शाळांकडे निघून गेली. नियम असा होता की एका शाळेत आमच्यासारखी मुलं ठरलेल्या वाट्याहून जास्त झाली की उरलेल्यांना लांब पाठवायचं. कागदावर कारण इंग्रजीचं होतं. गोऱ्या मुलांत बसली की ही मुलं भाषा लवकर शिकतील म्हणे. गोऱ्या मुलांना कोचमध्ये घालून आमच्याकडे मात्र कुणी आणत नव्हतं. आणि कोचची जागा ठरवणाऱ्या माणसानं, मुलांना जवळ पडावं म्हणून असेल, ती नेमकी त्या शाळेच्या फाटकापाशी ठरवली होती जिथं त्यांना प्रवेश नव्हता. मी कार्डिफला माझ्या नातीला, ईशाला, हे सांगितलं तेव्हा ती खाता खाता थांबली. "सेग्रीगेशन? इकडे? पण तो तर अमेरिकाला होता ना, आजी? आणि तू कम्प्लेन का नाही केला?" मी म्हटलं, बाई, मी कशाला करीन, मी फाटकाच्या आत होते.

खरी गंमत पुढेच आहे. बल्लीचा जन्म त्याच रस्त्याच्या टोकाच्या हॉस्पिटलात झालेला. पंजाबी ती आईपुरती बोलायची, तीही अर्धी मोडकी, आणि इंग्रजी असं बोलायची की बस कंडक्टरनं ऐकत राहावं. मला तीन वाक्यं येत होती. माझं नाव, आत येऊ का आणि संडासला जाऊ का. मला इंग्रजी शिकवलं ते बल्लीनं, मागच्या अंगणात, कुंपणाच्या दोन बाजूंना उलट्या बादल्यांवर बसून. तिच्या कोचवाल्या शाळेत तिला रोज दुपारी वेगळ्या वर्गात बसवून बाई मांजराचं चित्र दाखवायच्या आणि "धिस इज अ कॅट" म्हणून घ्यायच्या. ती संध्याकाळी घरी येऊन, त्या बाईंची हुबेहूब नक्कल करून, मला चांगलं इंग्रजी शिकवायची. सहा महिन्यांत मी फडाफडा बोलायला लागले, तेही तिच्याच गल्लीतल्या वळणाचं, त्यामुळे मिस हॅलम रोज "एन्ट नाही, इझन्ट" म्हणून थकायच्या. वर्षभरानं त्यांनी मला लायब्ररी मॉनिटर केलं. हिरवा बिल्ला होता. चार वाजता शाळा सुटली की मी एकटी त्या खोलीत बसून पुस्तकांना नंबर लावायचे, हवं ते वाचायचे, आणि जगात माझ्याइतकं सुखी कुणी नाही असं मला वाटायचं. कोचमधली मुलं तेव्हा रस्त्यात असायची. त्यांना शाळा सुटल्यावर थांबणं, खेळ, नाटक, काहीच नव्हतं.

दीड वर्ष असं गेलं. मग कोचमधल्या मुलांच्या आईवडलांनी सभा घ्यायला सुरुवात केली. त्यात पुढाकार बल्लीच्या आईचा. त्यांना आम्ही चाचीजी म्हणायचो. एका संध्याकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. आईनं वाटली डाळ पुढे ठेवली. ती त्यांनी कौतुकानं खाल्ली, आणखी मागून घेतली, आणि मग कामाचं काढलं. कौन्सिलचे अधिकारी वस्तीतल्या सभेच्या हॉलवर येणार होते आणि दोन्ही बाजू ऐकायला सरकारकडून चौकशीला एक साहेबही. कौन्सिल म्हणणार की आम्ही रंग बघत नाही, फक्त भाषा बघतो. "भाईसाब, आपका वो लेटर चाहिए," चाचीजी बाबांना म्हणाल्या. "मेरी लडकी को अंग्रेजी आती थी, उसको बस में डाला. आपकी को नहीं आती थी, उसको यहाँ रखा. सिर्फ नाम पढ के. और सबूत क्या होता है?"

त्या गेल्यावर आईनं दार लावलं आणि म्हणाली, "अहो, पत्र द्यायचं नाही."

"का नाही? खोटं थोडंच आहे त्यात."

"खरं आहे म्हणूनच. पत्र दाखवलंत तर ते बल्लीला कोचमधून उतरवणार नाहीत. आपल्या सुनंदाला चढवतील."

"तिला इंग्रजी कुणी शिकवलं, ते विसरलीस?"

"विसरले नाही. त्या पोरीच्या पायांवर पाणी घालीन मी. पण माझ्या मुलीची शाळा देणार नाही."

बाबा माझ्याकडे वळले आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "सुनंदा, तुला काय वाटतं?" मी लगेच म्हणाले, "नको." विचार करावा लागलाच नाही. मला बल्ली आवडत होती, पण तो हिरवा बिल्ला तिच्याहून जास्त आवडत होता, हे या वयात लपवून काय करायचंय. त्यानंतर तीन दिवस मी कुंपणाशी गेले नाही. चाळीस वर्षांनी मी बल्लीला फोनवर हे कबूल केलं तेव्हा ती म्हणाली, "माहीत होतं मला. तीन दिवस बादली रिकामी होती तुझी."

शनिवारी बाबांनी ऑफिसचा सूट घातला, पत्र आतल्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "चल." आई आली नाही. हॉल गच्च भरला होता, ओल्या कोटांचा वास सुटला होता. पुढे टेबलाशी कौन्सिलचे एक गोरेपान, टापटीप गृहस्थ बसले होते, आणि बाजूला चौकशीचे साहेब वही उघडून. गृहस्थ शांतपणे सांगत होते की ही व्यवस्था मुलांच्याच भल्याची आहे, प्रश्न फक्त भाषेचा आहे. चाचीजींनी बल्लीला पुढे ढकललं. बल्ली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आय वॉज बॉर्न डाउन द रोड, मिस्टर. आय एन्ट नेव्हर बीन नोव्हेअर." सगळा हॉल हसला. ते गृहस्थही हसले आणि म्हणाले, एखादा अपवाद व्हायचाच.

तेव्हा बाबा उठले. आयुष्यात इतक्या माणसांसमोर ते कधी बोलले नव्हते. मला त्यांची लाज वाटत होती. ते त्यांच्या कचेरीच्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "सर, ही माझी मुलगी. या देशात आली तेव्हा तिला तीन वाक्यं येत होती, त्यांतलं एक संडासचं होतं. तिला तुम्ही कोपऱ्यावरची शाळा दिलीत. ही शेजारची मुलगी तुमच्या हॉस्पिटलात जन्मली, तिला इंग्रजी शिकायला तुम्ही पाऊण तास लांब पाठवता. मला तक्रार करायची नाही. मला फक्त पद्धत समजून घ्यायची आहे." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. गृहस्थांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं. ती नजर मी आधी एकदा बघितलेली होती. "गोर," ते म्हणाले. "वेल, वी हॅड प्रिझ्यूम्ड..."

आणि विमान आलं. हॉलमधले सगळेच त्या वस्तीतले, त्यामुळे सगळे सवयीनं थांबले आणि वर बघत राहिले. विमान गेलं. आता आपण काय गृहीत धरलं होतं ते सांगून त्यांनी वाक्य पुरं करायचं होतं, आणि दोनशे माणसं त्यासाठी थांबली होती. त्यांचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. कान लाल झाले. शेवटी चाचीजी मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "व्हॉट प्रिझ्यूम?" चौकशीचे साहेब लिहायला लागले होते, ते बराच वेळ लिहीतच राहिले.

आई म्हणाली होती ते शब्दशः खरं झालं. दहा दिवसांत पत्र आलं की नजरचुकीनं झालेली नोंद दुरुस्त करण्यात येत आहे. मिस हॅलमनी मला बोलावून घेतलं. रजिस्टरात माझ्या नावावर पट्टी लावून लाल रेघ मारलेली होती. "आय अ‍ॅम सो सॉरी, सुनंदा," त्या म्हणाल्या. दीड वर्षात त्यांनी मला पहिल्यांदा पूर्ण नावानं हाक मारली, एरवी मी सू होते. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. बाहीतला रुमाल त्यांनी काढला, पण मी तोवर दाराबाहेर पडले होते. ईस्टरच्या सुटीनंतर मी गजांना टेकून उभी राहायला लागले. बल्लीनं खिडकीशेजारची जागा मला दिली. नव्या शाळेत आम्ही प्रार्थना संपल्यावर पोचायचो, जेवायला एका वेगळ्या टेबलाशी बसायचो आणि दुपारी दोघी मिळून मांजर बघायचो. "तो बोका आहे, मिस," बल्लीनं एकदा सांगून टाकलं, तर तिला कोपऱ्यात उभं केलं. मी बाबांशी बोलणं सोडलं होतं. ताटावर बसायचे, विचारलं त्याला हो-नाही म्हणायचे, आणि उठायचे. आई "मी सांगत होते" असं एकदासुद्धा म्हणाली नाही, आणि तिच्या स्वभावाकडे बघता हे तिला किती जड गेलं असेल ते मला आता कळतं.

कोच बंद करायचं ठरलं ते कुणी चुकलो म्हटल्यामुळे नव्हे. वर्तमानपत्रात बारीक बातमी आली, चौकशीच्या साहेबांचा अहवाल गेला म्हणतात, कोर्टाचं नाव निघालं, आणि जुलैत सगळ्यांच्या घरी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद पडला. व्यवस्थेचा फेरविचार झाला आहे. सप्टेंबरपासून नव्यानं शाळेत येणाऱ्या मुलांना जवळच्या शाळेत घेतलं जाईल. खाली आणखी एक ओळ होती. जी मुलं आधीपासून लांबच्या शाळांत जातात त्यांच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून ती तिथंच राहतील. बाबांनी ती ओळ दोनदा वाचली, कागदाची नीट घडी घातली आणि तो कपाटावर ठेवून दिला. म्हणजे कोच चालूच राहणार होत्या, फक्त त्यांच्यात नवं कुणी चढणार नव्हतं. बल्ली आणि मी सप्टेंबरात शाळेच्या शेवटच्या वर्षात जाणार होतो.

सप्टेंबरच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघी कोचमध्ये बसलेल्या, आणि ड्रायव्हर राहिलेल्या एका मुलासाठी थांबलेला. खिडकीतून शाळेचं फाटक समोर दिसत होतं. चाचीजी बल्लीच्या धाकट्या बहिणीला, पिंकीला, घेऊन आल्या आणि ती टणाटणा उड्या मारत आत गेली. मागून आई मंदाला घेऊन आली. मंदानं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले आणि भोकाड पसरलं. "मला नाही जायचं! मला नाही जायचं शाळेत!" साऱ्या रस्त्याला मराठी ऐकू जात होतं. आई एक हात सोडवायची तोवर ती दुसऱ्यानं धरायची. "टेल 'अर आय'ल स्वॉप," बल्ली म्हणाली, म्हणजे तिच्याशी जागा बदलायला ती तयार होती. शेवटी मिस हॅलम स्वतः बाहेर आल्या, मंदाला त्यांनी उचललं आणि लाथा खात आत नेलं. मला आनंद झाला असं इथं लिहायला हवं. झाला नाही. मला तिचा हेवा वाटला. जी जागा मला हवी होती तिथं तिला ओढून न्यावं लागत होतं.

आई फाटकावरून वळली आणि सरळ आमच्या कोचमध्ये चढली. ड्रायव्हर "मॅडम, यू कान्ट" म्हणेपर्यंत ती माझ्यापाशी आलेली होती. माझी रिबीन सुटलेली नव्हती, तरी तिनं ती सोडली आणि परत बांधायला घेतली.

"आज घरी आल्यावर बाबांशी बोल," ती म्हणाली.

"मी नको म्हटलं होतं. तरी ते गेले."

"मीही नकोच म्हटलं होतं." तिनं गाठ घट्ट ओढली. "आपल्या दोघींचं ऐकलं असतं तर आज मंदा आणि पिंकी या सीटवर बसल्या असत्या."

ती उतरली आणि कोच सुटली. बल्लीनं मला कोपरानं ढोसून विचारलं, तुझी आई काय म्हणाली. मला तेव्हा दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या. तरी ते इंग्रजीत काही सांगता येईना, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं टाकून पाऊण तास रडले.